डिझाइनचे शिक्षण : तयारी अकरावीत, अर्ज बारावीच्या परीक्षेआधी

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, शेतकी, पोलीस भरती असे परिचित पर्याय त्यात येतात. अलीकडे या यादीत 'डिझाइन' हा शब्दही ऐकू येऊ लागला आहे. परंतु देशातील नामवंत शासकीय डिझाइन संस्थांचे दरवाजे निकालाच्या दिवशी उघडत नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे अर्ज त्याआधी पाच-सहा महिने भरून झालेले असतात आणि प्रवेश परीक्षाही होऊन गेलेल्या असतात. ज्याला हे जूनमध्ये कळते, त्याच्यासमोर दोनच मार्ग उरतात: एक वर्ष थांबणे किंवा ज्या खासगी संस्थांचे प्रवेश उशिरापर्यंत सुरू असतात, तेथे लाखोंचे शुल्क भरणे. मोठ्या शहरातील विद्यार्थ्याला ही माहिती शाळेत, शिकवणीत किंवा शेजारी मिळून जाते. नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्यासारख्या गावातील विद्यार्थ्याला ती स्वतःहून मिळवावी लागते, आणि तीही वेळेत.

नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे ताप्ती खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरील लहानसे स्थानक. याच मार्गावर पुढे नवापूर स्थानक लागते, ज्याच्या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, तर दुसरा गुजरातमध्ये मोडतो. हा भूगोल या परिसरातील विद्यार्थ्याने नीट ध्यानात घ्यावा. डिझाइनच्या शिक्षणासाठी मुंबई-पुण्याकडेच पाहण्याची आपली सवय असली, तरी देशातील सर्वांत जुनी राष्ट्रीय डिझाइन संस्था अहमदाबादला आहे. चिंचपाड्याहून गाडीने सुरत आणि तेथून सुमारे २३० किलोमीटरवर अहमदाबाद, असा हा प्रवास आहे. सुरत हे तर कापडउद्योगाचे मोठे केंद्र आणि म्हणूनच कापडावरील नक्षीकामाच्या रोजगाराचेही केंद्र आहे. अंतर हा या वाटेवरचा मोठा अडथळा नाही. खरे अडथळे माहिती, भाषा, कागदपत्रे आणि पैसा हे आहेत आणि त्या प्रत्येकावर वेळेत उपाय करता येतो.

डिझाइन म्हणजे काय?

डिझाइन म्हणजे सुंदर चित्र काढणे किंवा कपड्यांची फॅशन करणे, हा समज अजूनही रूढ आहे. शासकीय परिभाषेत त्याला 'अभिकल्प' म्हणतात. एखादी वस्तू, जागा, लिखित संदेश किंवा सेवा माणसाला सहज वापरता यावी, तिचा खर्च परवडावा, ती टिकावी आणि डोळ्यालाही भावावी, या दृष्टीने तिचा आधीपासून केलेला विचार म्हणजे डिझाइन. चित्रकार आपल्या मनातील आशय व्यक्त करतो. डिझाइनर दुसऱ्याची गरज समजून घेऊन तिला रूप देतो. दोघांच्या हाती पेन्सिल असली, तरी कामाची सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते.

याचे उत्तम उदाहरण प्रत्येक मतदाराच्या परिचयाचे आहे. आपल्या इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या बाह्य रचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा होता. यंत्राच्या आतील विद्युत जोडणी हे अभियंत्यांचे काम. परंतु अक्षरओळख नसलेल्या मतदाराला उमेदवाराचे नाव, चिन्ह आणि त्यासमोरचे निळे बटण एका ओळीत दिसावे, बटण दाबल्याचे दिव्याने व आवाजाने कळावे, यंत्र पेटीत घालून दुर्गम पाड्यावर नेता यावे, हे प्रश्न डिझाइनचे आहेत. सातपुड्यातील मतदान केंद्रावर कोणाच्याही मदतीशिवाय मत देणारी वृद्ध स्त्री हीच त्या डिझाइनची खरी परीक्षक होय.

भारतातील या शिक्षणाचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. अमेरिकी डिझाइनर चार्ल्स व रे इम्स या दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून १९५८ मध्ये एक अहवाल सादर केला. नव्या कारखानदारीच्या काळात वस्तूंचा दर्जा कसा टिकवावा, याचा विचार करताना त्यांनी आदर्श म्हणून पुढे ठेवला तो आपला साधा लोटा. कोणा एका व्यक्तीने न घडवलेल्या, पिढ्यानपिढ्यांच्या वापरातून सिद्ध झालेल्या या भांड्यात आकार, वजन, पकड, ओतण्याची सोय आणि किंमत यांचा मेळ कसा साधला आहे, हे त्यांनी दाखवून दिले. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजेच एनआयडी, स्थापन झाली. पुढे १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून जर्मनीतील उल्म येथे प्रशिक्षण घेतलेल्या सुधाकर नाडकर्णी यांचा पुढाकार होता.

शाखा कोणकोणत्या?

डिझाइनच्या शाखा अनेक असून विद्यार्थ्याने आपला कल पाहून त्यांची निवड करावी. औद्योगिक किंवा प्रॉडक्ट डिझाइनमध्ये घरगुती उपकरणे, शेतीची अवजारे, वैद्यकीय साधने, वाहने यांचा विचार होतो. ग्राफिक किंवा संवाद डिझाइनमध्ये पुस्तके, फलक, बोधचिन्हे, वेष्टने आणि अक्षररचना येते. टेक्स्टाइल डिझाइनमध्ये विणकाम, छपाई, रंग आणि धागा यांचा अभ्यास असतो. वस्त्रप्रावरणे, दागिने व चामड्याच्या वस्तू ही फॅशन क्षेत्राची अंगे आहेत. याखेरीज फर्निचर व अंतर्गत सजावट, काच व मृत्तिका, प्रदर्शन रचना, ॲनिमेशन आणि चित्रपट असे विभाग आहेत. गेल्या काही वर्षांत सर्वाधिक मागणी निर्माण झाली ती मोबाइल व संगणकावरील सेवांच्या रचनेला. बँकेचे ॲप असो वा रेल्वे आरक्षणाचे, ते वापरणाऱ्याला अडखळायला होऊ नये, हे पाहणारा डिझाइनर त्यामागे असतो.

मराठी विद्यार्थ्यासाठी विशेष महत्त्वाची शाखा अक्षररचनेची आहे. संगणकावर देवनागरी लिहिणाऱ्या बहुतेकांनी वापरलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या हातचा. त्यांनी मुंबईत उपयोजित कला व पुढे आयआयटीतही अध्यापन केले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्त' व 'बालू' हे फॉन्ट आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात. रुपयाचे चिन्हही याच परंपरेतील. २०१० मध्ये स्वीकारले गेलेले हे चिन्ह डी. उदय कुमार यांनी आयआयटी मुंबईत संशोधक विद्यार्थी असताना सादर केले होते. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा त्यात मेळ आहे. भारतीय लिप्यांमध्ये अजून पुष्कळ काम व्हायचे आहे आणि ते त्या भाषा जाणणाऱ्यांनाच करावे लागणार आहे.

कोणत्या संस्था, कोणत्या परीक्षा?

पदवी स्तरावरील डिझाइन शिक्षणाचे एक मोठे वैशिष्ट्य म्हणजे बहुतेक प्रमुख संस्थांत विज्ञान शाखेची अट नाही. कला, वाणिज्य वा विज्ञान अशा कोणत्याही शाखेतून बारावी झालेला वा होत असलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. गणित व भौतिकशास्त्राच्या धास्तीने उच्च शिक्षणाचा विचार सोडून देणाऱ्या कला शाखेतील मुलामुलींना हे कोणीतरी आवर्जून सांगण्याची गरज आहे.

राष्ट्रीय डिझाइन संस्था : अहमदाबादची एनआयडी २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. गांधीनगर व बंगळूर येथील तिच्या शाखांत पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. याशिवाय आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश व आसाम येथेही एनआयडी आहेत. भोपाळची संस्था खानदेशातील विद्यार्थ्याला तुलनेने सोयीची आहे. चार वर्षांच्या 'बी.डेस.' पदवीसाठी डिझाइन अभिवृत्ती चाचणी, म्हणजे 'डॅट', द्यावी लागते. ती पूर्व आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. पूर्वपरीक्षेत चित्रांकन, निरीक्षण, तर्क व सामान्य ज्ञान यांची कसोटी लागते. मुख्य परीक्षेत प्रत्यक्ष वस्तू बनवून दाखवण्यासारखी कामेही दिली जातात.

आयआयटी : मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद, इंदूर व रूरकी येथील आयआयटी आणि जबलपूरची आयआयआयटीडीएम यांतील बी.डेस. प्रवेश 'युसीड' या परीक्षेतून होतात. ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. तिचा एक भाग संगणकावर सोडवायचा असतो, तर दुसऱ्यात कागदावर रेखाटन करायचे असते. सलग दोन वर्षांत मिळून दोनच संधी मिळतात, हे पक्के लक्षात ठेवावे. नुसता अनुभव घ्यावा म्हणून तयारीविना परीक्षेला बसणे म्हणूनच परवडणारे नाही. जागाही मर्यादित आहेत. आयआयटी मुंबईत त्या चाळिसाच्या आसपासच आहेत.

निफ्ट : राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची स्थापना १९८६ ची. तिची महाराष्ट्रातील शाखा नवी मुंबईत खारघर येथे, तर गुजरातमधील शाखा गांधीनगरला आहे. डिझाइनच्या पदवीसाठी सर्जनक्षमता चाचणी, सामान्य क्षमता चाचणी आणि त्यानंतर हाती साहित्य देऊन प्रतिकृती करवून घेणारी चाचणी, असे टप्पे असतात. फॅशन तंत्रज्ञानाच्या पदवीसाठी मात्र बारावीला गणित असावे लागते.

राज्यातील पर्याय : उपयोजित कलेची पदवी, म्हणजे बी.एफ.ए., हाही डिझाइन क्षेत्रात नेणारा जुना व भरवशाचा रस्ता आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत आणि या अभ्यासक्रमासाठी राज्याचा सीईटी कक्ष परीक्षा घेतो. मुंबईच्या सर ज. जी. कला, वास्तुकला व डिझाइन महाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला असल्याने तेथील प्रवेशाचे नियम त्या वर्षीच्या स्वतंत्र सूचनेतून पाहावेत. बी.डेस. पदवीसाठीही सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. ज्यांना दहावीनंतरच हाती कौशल्य हवे आहे, त्यांनी कला संचालनालयाचे पदविका अभ्यासक्रम, तंत्रनिकेतनातील वस्त्र व पोशाख विषयक पदविका आणि आयटीआयमधील शिवण, फॅशन तंत्र, सुतारकाम यांसारखे व्यवसाय यांचा विचार करावा. ही दुय्यम वाट समजू नये. ज्याने स्वतः लाकूड तासले आहे वा कापड बेतले आहे, त्याला पुढे डिझाइन शिकताना साहित्याची भाषा नव्याने शिकावी लागत नाही.

वेळापत्रक

या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी बाब म्हणजे परीक्षांचे वेळापत्रक. तारखा दरवर्षी थोड्याफार बदलतात. परंतु साधारण क्रम ठरलेला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून अर्ज सुरू होतात आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत मुदत संपते. एनआयडीची पूर्वपरीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, युसीड जानेवारीत, तर निफ्टची लेखी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास होते. म्हणजे बारावीच्या मंडळाच्या परीक्षेपूर्वीच बहुतेक लेखी परीक्षा आटोपलेल्या असतात. एनआयडीची मुख्य परीक्षा व निफ्टची प्रात्यक्षिक चाचणी नंतर होते. एप्रिल-मे महिन्यांत शिक्षण वा रोजगारासाठी घरापासून दूर असणाऱ्या कुटुंबांनी या तारखांकडे विशेष लक्ष द्यावे.

यावरून तयारीचा हिशोब सोपा होतो. दहावीची सुट्टी हा क्षेत्र समजून घेण्याचा काळ, अकरावी हे सरावाचे वर्ष, बारावीचे पहिले सत्र हे अर्ज आणि कागदपत्रांचे. शाळेत असतानाच कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा दिल्या असतील, तर हाताला वळण लागते आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीतही मिळतात. मात्र या परीक्षा दिल्या नाहीत म्हणून डिझाइनचा मार्ग बंद होत नाही. त्यांची कोठेही सक्ती नाही.

परीक्षेत काय पाहतात?

आपली चित्रकला चांगली नाही, म्हणून अनेक विद्यार्थी मागे राहतात. प्रवेश परीक्षेत सुबक छायांकनापेक्षा निरीक्षण आणि कल्पना यांना अधिक मोल असते. एखादी वस्तू वरून, बाजूने, उलटी धरून कशी दिसेल. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडून तो उलगडला तर आकृती कोणती होईल. गर्दीचे दृश्य विशिष्ट जागेवरून पाहिल्यास जवळचे मोठे व दूरचे लहान कसे दिसेल. एकाच समस्येवर चार निराळे उपाय कोणते, असे प्रश्न येतात. या सगळ्याचा सराव वही, पेन्सिल आणि मोकळे डोळे एवढ्यावर होऊ शकतो.

रोज अर्धा तास डोळ्यांसमोरच्या वस्तूचे रेखाटन करावे. आठवडे बाजार, रेल्वेचा फलाट, विहिरीवरील रहाट, बैलगाडीचे चाक, चुलीवरचे तवे हे सर्व अभ्यासाचे विषय आहेत. नुसते चित्र काढून थांबू नये; शेजारी लिहावे, की ही वस्तू अशीच का आहे? टोपलीचा तळ चौकोनी आणि तोंड गोल का असते? सुपाची एक बाजू उघडी का ठेवतात? विळ्याची मूठ कोणत्या हाताला त्रास देते? अशी वर्षभरात भरलेली वही कोणत्याही महागड्या शिकवणीच्या सरावपुस्तिकेपेक्षा उपयोगी ठरते. मुलाखत वा प्रत्यक्ष चाचणीत विद्यार्थ्याकडे स्वतःचे सांगण्यासारखे काही आहे की नाही, हे त्यातून दिसते. मागील वर्षांच्या युसीडच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्या वेळ लावून सोडवाव्यात.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे. युसीडची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. एनआयडी व निफ्टच्या लेखी परीक्षा इंग्रजीबरोबर हिंदीतही दिल्या जातात. घरी मावची, शाळेत मराठी आणि परीक्षेत हिंदी वा इंग्रजी असा तिहेरी प्रवास या भागातील विद्यार्थ्याला करावा लागतो. त्यासाठी साहित्यिक इंग्रजी लागत नाही. प्रश्न नेमका काय विचारतो आहे ते कळणे आणि आपली कल्पना चार साध्या वाक्यांत मांडता येणे पुरेसे असते. अकरावीपासून रोज एक प्रश्न वाचून तो आपल्या भाषेत समजावून सांगण्याची सवय लावल्यास वर्षभरात मोठा फरक पडतो.

परिसर हीच प्रयोगशाळा

नवापूर तालुक्यात कोटवाळिया समाजातील कारागीर पिढ्यानपिढ्या बांबूकाम करीत आले आहेत. सुपे, टोपल्या, धान्य साठवण्याच्या कणग्या यांसाठी बांबू कोणत्या वयाचा घ्यावा, तो कसा चिरावा, पट्टी किती पातळ काढावी, याचे त्यांचे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतके शास्त्रशुद्ध आहे. डिझाइनच्या जगात या ज्ञानाला मान आहे. एनआयडीतील एम. पी. रंजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ईशान्य भारतातील बांबू-वेतकामाचा घेतलेला मागोवा १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एकेका टोपलीची वीण, मोजमाप आणि उपयोग रेखाटून दाखवणारा हा ग्रंथ आजही विद्यार्थ्यांना आधारभूत वाटतो. आयआयटी मुंबईत ए. जी. राव यांनी बांबूवर दीर्घकाळ काम केले. मेळघाटात लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांच्या हाताला नव्या वस्तूंचे काम दिले. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूला २०१७ च्या कायदा दुरुस्तीने वृक्षाच्या व्याख्येतून वगळले, त्यामुळे त्याच्या तोडीवरील व वाहतुकीवरील निर्बंध सैल झाले आणि या उद्योगाला वाव मिळाला.

गावातील एखाद्या कारागिराकडे आठवडाभर बसून एका टोपलीची सुरुवातीपासून अखेरपर्यंतची नोंद विद्यार्थ्याने करून पाहावी. किती पट्ट्या लागल्या, किती तास गेले, बाजारात काय भाव आला, प्लॅस्टिकच्या टोपलीपुढे ती कोठे कमी पडली आणि कोठे सरस ठरली, हे मांडावे. यात कारागिराला शिकवण्याचा आव नसावा. आधी त्याच्याकडून शिकावे, मग बदल सुचवावा. त्याच्या नावासह व संमतीने केलेली अशी नोंद उत्तम पोर्टफोलिओचे पहिले प्रकरण होऊ शकते.

दुसरे क्षेत्र आरोग्याचे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो आणि त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. 'वाहक' आणि 'रुग्ण' यांत फरक काय, दोन वाहकांच्या विवाहातून होणाऱ्या अपत्यांबाबत कोणती शक्यता असते, गोळ्या रोज कधी घ्यायच्या, हे वाचता न येणाऱ्या पालकांना चित्रांतून कसे समजवावे? हा संवाद डिझाइनचा अस्सल प्रश्न आहे. तो सोडवताना कोणते चित्र लोकांना कळते आणि कोणते कळत नाही, हे तपासायला चिंचपाड्यातील विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. महानगरातील विद्यार्थ्याला हेच जाणून घेण्यासाठी प्रवास करून यावे लागते, दुभाषा शोधावा लागतो.

लोककलेच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. पालघरच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र वारली चित्रे ही वारली समाजाची ओळख आहे. ती प्रत्येक आदिवासी विद्यार्थ्याने गिरवावी अशी अपेक्षा करणे योग्य नाही. सातपुड्यातील होळीतील वेशभूषा, मोरपिसांचे टोप, भोपळ्यांच्या माळा, घराच्या कुडाची रचना यांचे स्वतःचे सौंदर्यशास्त्र आहे. आपल्या समाजाचे जे आहे, त्याची जाण ठेवून काम करणे अधिक प्रामाणिक आणि अधिक नवे ठरते.

खर्च, सवलती आणि कागदपत्रे

खर्चाचा विचार आधीच स्पष्टपणे केला पाहिजे. शासकीय संस्था म्हणजे स्वस्त, असे समीकरण येथे पूर्णतः लागू पडत नाही. एनआयडी व निफ्ट यांचे वार्षिक शुल्कही लाखांत जाते, तर खासगी संस्थांत ते त्याहून बरेच अधिक असू शकते. त्यात वसतिगृह, साहित्य आणि संगणक यांचा खर्च वेगळा. आयआयटीमध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या पदवी विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ असते, म्हणून पैशाची अडचण असलेल्या गुणी विद्यार्थ्याने युसीड टाळू नये. एनआयडी व निफ्टमध्ये कौटुंबिक उत्पन्नावर आधारित मदतीच्या योजना असतात. प्रवेश परीक्षेच्या शुल्कातही राखीव प्रवर्गांना सवलत मिळते.

केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात. वयोमर्यादेतही सूट मिळते. केंद्र सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती ठरावीक नामांकित संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. निवडलेली संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशापूर्वी पाहावे. राज्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी प्रणालीवरून मिळते. राज्यातील शहरात शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून निवास व भोजनासाठी रक्कम दिली जाते. यासंबंधीची चौकशी नंदुरबारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते. कर्ज घ्यावेच लागले, तर केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण व जामीनदाराविना शैक्षणिक कर्जाची तरतूद आहे. शेत विकून वा सावकाराकडे गहाण ठेवून खासगी अभ्यासक्रमाला प्रवेश घेण्यापूर्वी हे सर्व मार्ग तपासून झालेले असावेत.

कागदपत्रांच्या बाबतीत होणारी दिरंगाई अनेक गुणवंतांना भोवते. केंद्रीय संस्थांना जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यातील दाखल्यावर भिस्त ठेवू नये. राज्यातील व्यावसायिक प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याची पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून त्याचा प्रस्ताव अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत समितीकडे जावा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले स्वतःचे बँक खाते आणि सर्व कागदांवर नावाचे एकसारखे स्पेलिंग, ही तयारी दिवाळीपूर्वी पूर्ण असावी. अर्ज ऑनलाइन भरताना मोबाइल क्रमांक व ई-मेल स्वतःचा द्यावा. सेवा केंद्रचालकाचा क्रमांक दिल्यास प्रवेशपत्राची वा निकालाची सूचना त्याच्याकडेच जाऊन पडते.

संस्था पारखताना

जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरी' असे लिहिणाऱ्या संस्थेपासून सावध राहावे. प्रवेशापूर्वी काही प्रश्न विचारून घ्यावेत: पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे व ती मान्यताप्राप्त आहे का? कार्यशाळेत लाकूड, धातू, कापड यांवर काम करण्याची यंत्रे आहेत, की केवळ संगणक कक्ष आहे? पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यांनी प्रत्यक्ष कोणते काम केले आहे? चार वर्षांचा एकूण खर्च किती आणि अर्ध्यावर सोडल्यास शुल्क परत मिळते का? ज्या संस्थेला ही उत्तरे लेखी देता येत नाहीत, तेथे प्रवेश न घेणे इष्ट. शक्य असल्यास संस्था एकदा प्रत्यक्ष पाहून यावी.

रोजगार आणि बदलते वारे

पदवीनंतर उद्योग, जाहिरात संस्था, माहिती तंत्रज्ञान कंपन्या, प्रकाशन संस्था, संग्रहालये, वस्त्रोद्योग, स्वयंसेवी संस्था व शासकीय प्रकल्प येथे संधी मिळते. सुरतच्या कापड बाजारात साड्या व कापडावरील नक्षीसाठी संगणकावर काम करणाऱ्यांना मागणी असते आणि पदविकाधारकांनाही तेथे सुरुवात करता येते. पुढे स्वतःचा व्यवसाय उभारणे किंवा कारागीर गटांबरोबर वस्तू विकसित करणे, हेही मार्ग आहेत. सुरुवातीचे वेतन संस्था, शाखा आणि कौशल्य यांनुसार बरेच कमी-अधिक असते, म्हणून एखाद्याच्या मोठ्या पगाराच्या बातमीवरून अंदाज बांधू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे साधे बोधचिन्ह, जाहिरातीचे चित्र वा कापडावरील नक्षी काही क्षणांत तयार होऊ लागली आहे. केवळ सॉफ्टवेअर चालवता येणे, हे कौशल्य त्यामुळे पूर्वीइतके पुरेसे राहिलेले नाही. तीन महिन्यांच्या सॉफ्टवेअर वर्गाला डिझाइनचे शिक्षण समजण्याची चूक आता अधिक महाग पडेल. माणसाची गरज ओळखणे, साहित्याची जाण असणे, केलेले काम लोकांपुढे ठेवून तपासणे आणि त्यात सुधारणा करणे, हे ज्याला येते त्याचे मोल टिकून राहील.

पालकांचीही भूमिका येथे महत्त्वाची आहे. मुलगी वा मुलगा दिवसभर काहीतरी कापतो, जोडतो, रेखाटतो, मोडलेले दुरुस्त करतो, तर तो वेळ वाया घालवतो असे समजू नये. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्याला हेरून सप्टेंबरमध्येच परीक्षांच्या अर्जाची आठवण करून द्यावी आणि कला, वाणिज्य शाखांच्या वर्गांतही ही माहिती फलकावर लावावी. एका कनिष्ठ महाविद्यालयातून पहिला विद्यार्थी जाणे सर्वांत कठीण असते. तो गेला, की पुढच्या वर्षी चौकशी करणाऱ्यांना विचारायला ओळखीचे माणूस मिळते. त्या पहिल्या विद्यार्थ्याने आपली वही आजच उघडावी आणि येत्या सप्टेंबरची नोंद तिच्या पहिल्या पानावर करावी.